तिआहोची पाठवणी

आमच्या घराण्यात सभेत उभं राहून बोलणारा शेवटचा माणूस माझा काका. तो गेला, ती जागा रिकामी झाली, आणि पडीक जमिनीवर गवत उगवावं तसा तिथे मी उगवलो. माझी पात्रता म्हणाल तर मी शाळेची बस चालवतो. आमची भाषा, म्हणजे आजोबांची भाषा, मी चाळिशी उलटल्यावर संध्याकाळच्या वर्गात शिकलो. वर्गात माझा पहिला नंबर आला. बाकीचे अर्धे लोक चहाबिस्किटांसाठी यायचे, ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही.

याखेरीज मी मांगारेहू खोऱ्याच्या सापळे-समितीचा अध्यक्षही आहे. समिती स्थापन झाली त्या दिवशी पाऊस पडत होता आणि सभेला वेळेवर पोचलेला मी एकटाच होतो. पण अध्यक्ष तो अध्यक्ष. उंदीर, घुशी आणि मुंगसासारखे ते लांबट, दुष्ट स्टोट यांना पकडायला आम्ही जंगलभर सापळे लावले. दर शनिवारी मी डोंगर चढून ते तपासायचो आणि रविवारी लोकांना त्याबद्दल ऐकवायचो. चढण्यापेक्षा ऐकवण्यात वेळ जास्त जायचा, असं माझी बायको काहू म्हणते. ती मोजायला बसली नव्हती, एवढंच माझं म्हणणं.

हे सगळं कशासाठी, तर किवीसाठी, म्हणजे आमच्या न उडणाऱ्या, बिळात राहून रात्री हिंडणाऱ्या पक्ष्यासाठी. माझी आत्या मेरेआना लहान होती तेव्हा दिवेलागणीला खोऱ्याच्या दोन्ही अंगांनी किवींच्या हाका सुरू व्हायच्या, इतक्या की घरातली माणसं वैतागायची. आता एकच मादी उरली होती, तिआहो. तिचा नर कुत्र्यांनी मारला. त्याआधी दर वर्षी तिची पिल्लं स्टोटांनी खाल्ली. संध्याकाळी ती आपली एकटीच ओरडायची, थांबायची, पुन्हा ओरडायची. आत्या पायरीवर बसून ऐकायची आणि म्हणायची, पोरगी कुणाला हाका मारतेय आणि कोण उत्तर देणार आहे.

शेवटी आत्यानेच मन घट्ट केलं. डोंगरापलीकडच्या लोकांनी त्यांच्या जमिनीवर पक्षीवन उभारलं आहे. भोवती माणसाहून उंच कुंपण, उंदराचं शेपूटसुद्धा आत जाणार नाही अशी बारीक जाळी, आणि आत या मातीतले सगळे पक्षी सुखाने नांदताहेत. तिआहोला तिथे द्यायचं ठरलं. तिथे तिला जोडीदार मिळेल, अंडी होतील, ती बाप उबवील, कारण किवींमध्ये ते काम बापाचंच असतं. काहूला हा पक्षी एवढा का आवडतो हे वेगळं सांगायला नको.

आता, पक्षी द्यायचा म्हणजे खोक्यात घालून गाडीतून पाठवून दिला असं आमच्यात होत नाही. लेक सासरी पोचवावी तसं घरच्यांनी सोबत जायचं असतं. यजमानांच्या बाईने हाक घालून बोलवायचं, आमच्या बाईने हाकेला हाक द्यायची, मग त्यांचा माणूस बोलणार, आमचा माणूस बोलणार, आणि भाषण झालं की त्यावर गाणं. आमच्या घराण्यात उभं राहून बोलायचं ते पुरुषाने आणि गाणं उचलायचं ते बायकांनी. एकदा गाणं उचललं की भाषण संपलं. कुणी फार पाल्हाळ लावलं तर बायका मुद्दामच गाणं उचलून त्याला खाली बसवतात, आणि बसावं लागतं. काकाला मात्र कधी कुणी बसवलं नव्हतं. निदान माझी तशी समजूत होती.

जायच्या आदल्या आठवड्यात आत्याने मला समोर बसवलं. म्हणाली, "पाओरा, तुला जे काय फुलवायचं ते फुलव. पण एक वाक्य विसरू नकोस. तिआहोची पिल्लं मोठी झाली की ती मांगारेहूची. ती परत यायला हवीत."

"ते तर करारात असेलच ना, आत्या."

"करार कचेरीतल्या माणसांसाठी. ते बदलून जातात. तिथे सगळ्यांसमोर, पक्ष्यासमोर बोललं गेलं की त्यांच्या नातवंडांनासुद्धा ते पाळावं लागतं. बोललं गेलं नाही तर आपण पोरगी दिली आणि विसरलो, असं होईल."

तिचे डोळे भरले होते. आत्या सहसा रडत नाही. लोकांना रडवते. मी छातीवर हात ठेवून सांगितलं की ते वाक्य माझ्या भाषणाचा कळस असेल. आणि कळस म्हणजे अर्थात सर्वांत शेवटी. जेवणात गोड शेवटी वाढतात, तसं.

भाषण मी रिकाम्या बसमध्ये घोकलं. त्यात आकाश आणि पृथ्वी वेगळी झाली तिथून सुरुवात होती. मग रानाची उत्पत्ती, मग पक्ष्यांची वंशावळ, मग आमच्या पूर्वजांच्या होड्या, मग आम्ही केलेली उंदरांची कत्तल, आणि मग कळस. काहूने एकदा पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, तू बसेपर्यंत तिआहोला पणतवंडं होतील. मी म्हटलं, कलेची कदर करायला वेगळा कान लागतो.

यजमानांकडे रिकाम्या हाताने जात नाहीत म्हणून मी आमच्या शेतातल्या रताळ्यांचं एक पोतं काढलं. आमची रताळी पंचक्रोशीत प्रसिद्ध आहेत. काहू म्हणाली, पोतं महिनाभर गोदामात पडून आहे, एकदा उपसून बघ. मला हसू आलं. सापळे-समितीच्या अध्यक्षाच्या गोदामात बघायचं काय? मी तिला म्हटलं, खुळी का काय तू. पोतं उचललं आणि बसमध्ये टाकलं.

पक्षीवनाच्या दारात एक खोली आहे. बाहेरचं दार बंद झाल्याशिवाय आतलं उघडत नाही. आतल्या दाराला काचेऐवजी बारीक जाळी आहे. या खोलीत प्रत्येकाची पिशवी उघडून बघतात, बुटांचे तळ घासायला लावतात, विजारीच्या दुमडीसुद्धा झटकायला सांगतात. हे काम ब्रॉनविन नावाची एक उंच, गोरी, शांत बाई करते. आम्ही सगळे खोलीत दाटीने उभे राहिलो. आत्या एका बाकावर बसली आणि तिच्या मांडीवर तिआहोचं खोकं. जाळीपलीकडे हिरवळीवर यजमान रांगेत उभे होते. त्यांच्या मधोमध हाकोपा, त्यांचा वक्ता, पांढऱ्या केसांचा, पहाडासारखा माणूस.

मी ब्रॉनविनच्या बाजूला उभा राहून आमच्या गावकऱ्यांना समजावून सांगू लागलो की ही तपासणी किती महत्त्वाची आहे. एक निष्काळजी माणूस, एकच, वर्षानुवर्षांच्या कामावर पाणी फिरवू शकतो. आत गेलेला एक उंदीर म्हणजे एक उंदीर नसतो, ते एक गाव असतं. लोक जिथून येतात तिथली घाण घेऊन येतात, हे मी जरा जोरात म्हणालो, म्हणजे जाळीपलीकडेही ऐकू जावं. ब्रॉनविनने मान डोलावली आणि माझं पोतं सोडलं.

लोक डोंगर पोखरून उंदीर काढतात. आमच्याकडे नुसती पोत्याची दोरी सुटली. वरच्या रताळ्यावर बसून त्याने एकदा सगळ्यांकडे पाहिलं, सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो टुणकन उडी मारून बाकांखाली नाहीसा झाला. कुणी किंचाळलं नाही. किंचाळले असते तर बरं झालं असतं. सगळे माझ्याकडे बघत राहिले.

ब्रॉनविन म्हणाली, कुणी हलू नका, आणि दोन्ही दारांच्या कड्या लावल्या. उंदीर हाती लागेपर्यंत ना आत जाणं ना बाहेर. आम्ही बाकांखाली वाकलो, पिशव्या उचलल्या, मी काकाच्या, सभेत बोलताना हातात धरायच्या कोरीव काठीने कपाटामागे ढोसलं. तो कुठेच नव्हता. तिने कोपऱ्यांत सापळे लावले, पण सापळ्यात उंदीर कधी येतो ते उंदरावर असतं, हे अध्यक्ष म्हणून मला चांगलंच ठाऊक होतं. बाहेर ऊन चढत होतं. तिआहोला उन्हाच्या आत बिळात सोडायला हवं होतं, नाहीतर ती खोक्यात तापली असती. नाहीतर मग तिला तसंच परत न्यायचं, आणि पुन्हा पकडायला पुढचा हिवाळा उजाडला असता. तोवर खोऱ्यात ती जिवंत राहील याची खात्री कोण देणार.

हाकोपा जाळीपाशी आला आणि त्याने विचारलं, काही अडचण आहे का. मग आत्या म्हणाली, "आमच्याबरोबर एक जास्तीचा पाहुणा आलाय. पाओराने आणलाय."

हाकोपाने पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं. तो मोठ्या मनाचा माणूस आहे, तो हसला नाही. त्याच्या मागे उभ्या असलेल्या बायकांचं मन तेवढं मोठं नव्हतं.

आत्यानेच मार्ग काढला. ती म्हणाली की उंदीर सापडेल तेव्हा सापडेल, तोवर स्वागताचं काम तरी उरकून घेऊ. आम्ही इथून, तुम्ही तिथून. जाळीतून शब्द जातात ना, मग झालं. म्हणजे दार उघडलं की पक्षी थेट बिळाकडे नेता येईल. यजमानांनी आपापसात कुजबुज केली आणि ते सगळेच्या सगळे जाळीपाशी येऊन उभे राहिले.

मग त्यांच्या बाईने हाक घातली. आयुष्यात मी अनेक हाका ऐकल्या आहेत, पण त्या कोंडलेल्या खोलीत जाळीतून आलेला तो आवाज अंगावर काटा आणून गेला. या, रानाच्या लेकीला घेऊन या, तुमच्या गेलेल्या माणसांना घेऊन या. आत्या खोकं धरून उभी राहिली आणि तिने उत्तर दिलं. तिचा आवाज आता चिरका झालाय, मधेच फाटतो. तिने काकाचं नाव घेतलं तेव्हा मी त्याची काठी घट्ट धरली. खोक्यात तिआहो नख्यांनी खरवडत होती.

हाकोपा बोलला. सुरेख बोलला. पणजोबांच्या काळात आमचं त्यांचं काही बरं नव्हतं, तेही त्याने न दुखवता सांगून टाकलं आणि म्हणाला, त्या काळी आपण एकमेकांकडून माणसं पळवली, आज तुम्ही आपणहून लेक घेऊन आलात. त्यांच्या बायकांनी गाणं म्हटलं, आणि सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

मी काकाची काठी टेकवली आणि आकाश-पृथ्वीपासून सुरू झालो.

खरं सांगतो, सुरुवात झकास झाली. आवाज लागला होता. रानाची उत्पत्ती झाली. पक्ष्यांची वंशावळ एकही नाव न गळता पार पडली. मी होड्यांवर आलो, आणि डाव्या घोट्यापाशी काहीतरी हुळहुळलं. मोज्याचा धागा असेल म्हणून दुर्लक्ष केलं. दुसरी होडी किनाऱ्याला लागली तेव्हा तो धागा पोटरीवर होता. तिसऱ्या होडीला तो गुडघ्याला वळसा घालून वर निघाला, आणि त्याला चार पाय आहेत याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही.

ओरडलो असतो तर तो खाली उडी मारून पुन्हा बाकांखाली गेला असता. शिवाय सभेत उभा राहिलेला माणूस नाचू लागला असं आमच्या घराण्यात अजून घडलं नव्हतं. मी डाव्या हाताने मांडीवर विजार गच्च आवळली. उंदीर माझ्या मुठीच्या जरा खाली अडकला. तो थरथरत होता, मी थरथरत होतो, आणि भाषण थांबेना. घोकलेलं भाषण आणि शाळेची बस यांचं एक असतं. मधले थांबे सोडून शेवटच्या थांब्यावर उडी मारता येत नाही. कळसाचं ते वाक्य मी डोक्यात शोधत होतो आणि तोंडातून पुढचा थांबा येत होता. पुढचा थांबा होता उंदरांची कत्तल.

"आमच्या खोऱ्यात," मी म्हणालो, आणि माझा आवाज नको तितका उंच गेला, "आज उंदीर औषधालासुद्धा मिळणार नाही."

उंदराने चावा घेतला.

माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. यजमानांमधल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून डोळे पुसले. त्याला वाटलं असणार की हा माणूस आपल्या खोऱ्याच्या प्रेमाने विव्हळ झालाय. मी ओठ चावून उभा होतो. पुढचा शब्द आठवेना. वाक्य तोंडाशी येत होतं, तिआहोची पिल्लं, तिआहोची पिल्लं, एवढंच, आणि मी श्वास घेतला.

तेवढ्यात काहूने गाणं उचललं.

तिचा काही दोष नाही. नवरा लाल झालाय, घामाने निथळतोय, एक हात मांडीवर आवळून हलतोय, हे पाहून तिला वाटलं याला झटका येतोय किंवा हा सगळं विसरलाय. तिने मला वाचवलं. आमच्या सगळ्या माणसांनी सूर मिसळला, माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, आणि माझं तोंड उघडंच राहिलं. गाणं उचललं. भाषण संपलं. ते वाक्य राहिलं.

मी आत्याकडे पाहिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला कळलं होतं. तो क्षण मला आजही आठवला की उंदराचा चावा काहीच वाटत नाही. एवढी मोठी जबाबदारी एका वाक्याची होती, आणि मी आकाश, पृथ्वी, तीन होड्या सगळं बोललो होतो.

गाणं संपलं. सगळ्यांनी श्वास सोडला. आत्या थांबली नाही. त्याच चालीवर ती एकटीच पुढे गात राहिली, आणि शब्द नवे होते. आम्ही कुणी ते आधी ऐकलेले नव्हते, कारण ती ते तिथल्या तिथे जुळवत होती. तिचा आवाज फाटत होता, तरी शब्दन् शब्द कळत होता.

ती गात होती, आमच्या घरात अजून उंदीर आहेत. आमचा माणूस म्हणाला नाहीत, पण एक तर आमच्याच पोत्यातून निघाला. घर झाडून झालेलं नाही, म्हणून लेक तुमच्या दारी आणली. झाडून झालेलं असतं तर आणली नसती. तिला सांभाळा. आम्ही झाडत राहू. आणि तिची लेकरं मोठी झाली की आम्ही न्यायला येऊ, मी नसले तर माझी माणसं येतील. मांगारेहूची लेकरं मांगारेहूला येऊ द्या.

मग ती खाली बसली आणि खोक्यावर दोन्ही हात ठेवले. मला इतकी लाज वाटली आणि इतका अभिमान वाटला की दोन्ही एकाच वेळी कुठे ठेवावं कळेना. माझी शेखी खोटी होती, तिने तीच उचलून खऱ्यात वापरली होती. उंदीर निघाला म्हणून आम्ही मागायचा हक्क गमावला, असं मला वाटत होतं. तिने त्या उंदरालाच मागणीत बसवलं.

आमच्यात शेवटचा शब्द यजमानांचा असतो. हाकोपाने काठी टेकली आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लेकीची लेकरं मांगारेहूची. हे मी बोललो, माझ्या मागचे ऐकताहेत. पण मेरेआना, पाठवण्याआधी तुमचं घर झाडून झालंय का ते बघायला आम्ही स्वतः येऊ. आणि एकदा नाही, पुन्हा पुन्हा येऊ."

"या," आत्या म्हणाली. "हातात झाडू घेऊनच या."

त्यावर हशा पिकला. मग हाकोपाने विचारलं, तो जास्तीचा पाहुणा अजून सापडला नाही का.

"सापडलाय," मी म्हणालो. "केव्हाचाच. माझ्या मुठीत आहे."

पुढचं थोडक्यात सांगतो, ते तसंच सांगण्याच्या लायकीचं आहे. बायकांनी भिंतीकडे तोंडं केली, दोघांनी माझ्याभोवती घोंगडी धरली, ब्रॉनविन बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन गुडघ्यांवर बसली, आणि मी विजारीतून बाहेर आलो. तिने विजार उलटी करून डब्यावर झटकली, झाकण लावलं, आणि मला शांतपणे विचारलं की एकच होता ना. तिच्याजवळ एक आखूड चड्डी होती, कुणा सडपातळ माणसाची. आतलं दार उघडलं. मी त्या चड्डीत, वर काळा कोट आणि हातात काकाची काठी अशा थाटात पक्षीवनात प्रवेश केला आणि आमच्या रीतीप्रमाणे रांगेने प्रत्येक यजमानाच्या नाकाला नाक आणि कपाळाला कपाळ लावलं. एवढ्या जवळून एवढी माणसं हसू दाबताना मी आयुष्यात पाहिलेली नाहीत. ज्या म्हाताऱ्याने डोळे पुसले होते त्याने माझे खांदे धरून ठेवले आणि म्हणाला, "काही का असेना, रडलास ते खरं होतं." मी म्हटलं, "हो, फार आतून आलं."

बिळापर्यंत नेच्याच्या झाडीतून वाट जाते. झाडांवर एवढा कलकलाट होता की बोलायला जोर लावावा लागत होता. आत्या खोकं कुणाच्या हातात देईना, मी तिच्या कोपराला धरून चाललो. बिळापाशी ती एका ओंडक्यावर बसली आणि मला म्हणाली, काढ तिला.

मी तिआहोला बाहेर काढलं. पाय धरायचे, छाती पोटाशी धरायची, एवढं मला येतं. ती जड होती, उबदार होती, तिला ओल्या पालापाचोळ्याचा वास येत होता. तिचं काळीज माझ्या हाताला धडधड लागत होतं. आत्याने वाकून तिच्या पाठीवर कपाळ टेकलं आणि काहीतरी बोलली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, आणि ते माझ्यासाठी नव्हतंच. मला रडू आलं. या वेळी त्याला दुसरं काहीही कारण नव्हतं. मग मी तिला यजमानांच्या बाईच्या हातात दिलं, तिने तिला बिळाच्या तोंडाशी टेकवलं, आणि तिआहो मागे वळून न पाहता आत निघून गेली. लेकींनी वळून बघितलं तरी जीव जातो आणि नाही बघितलं तरी जातो.

बाकीची माणसं जेवायला पुढे गेली. आत्याचे गुडघे दुखत होते म्हणून आम्ही दोघं मागे हळूहळू चाललो. वाटेत मीच म्हणालो, "आत्या, ते वाक्य मी शेवटी ठेवलं होतं."

"ठाऊक आहे. तुझा काकाही शेवटीच ठेवायचा."

"पण तो ते म्हणायचा तरी."

"कधी पोचलाच नाही तो तिथवर," ती म्हणाली. "होड्यांमध्ये अडकायचा. मग मी गाणं उचलायचे आणि राहिलेलं गाण्यात घालायचे. घरी जाताना तो मला विचारायचा, आज कसा बोललो? मी म्हणायचे, छान बोललास. त्याला आयुष्यभर वाटलं, सगळं त्यानेच मिळवलं."

मी वाटेतच उभा राहिलो. ज्या काकासारखं व्हायचं म्हणून मी आठवडाभर बसमध्ये ओरडत होतो, तो काकाही होड्यांमध्येच बुडाला होता.

"मग मलाही तसंच वाटू द्यायचंस की," मी म्हणालो. "मला कशाला सांगितलंस?"

आत्याने दम घेतला. "कारण आज आवाज फाटला माझा. दोनदा. पिल्लं न्यायला याल तेव्हा मी नसेन, पाओरा. काहूला आज गाणं कुठे उचलायचं ते कळलं, राहिलेलं कसं गायचं ते मी हिवाळाभर शिकवीन. पण तिला थोडक्यात आटपणारा माणूस लागेल."

यावर मला बरंच बोलता आलं असतं. मी तिचा हात माझ्या हातात घेतला आणि गप्प राहून तिच्या चालीने चालत राहिलो.